तेल प्यालेली पट्टी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत गाडीची ताकद वाढवण्यावर लेख होता. लेख बरा होता. पण शेवटी जो रंगीत चौकोन दिला होता, त्यासाठी हे पत्र. त्यात लिहिलं होतं की कंपनीचं मॅनिफोल्ड (इंजिनातला जळका वायू बाहेर नेणारा ओतीव भाग) काढून हेडर (त्याच कामाचा वाकवलेल्या नळ्यांचा जुडगा) बसवला की बॉनेटखाली उष्णता वाढते, पण उपाय सोपा आहे. हेडरला काचेच्या धाग्याची पट्टी गुंडाळा, ती जळत नाही आणि तापमान निम्म्यावर येतं. सोबत तापमापक बंदुकीचे दोन आकडे, पट्टीआधीचा आणि पट्टीनंतरचा.

यातलं एकही वाक्य तसं खोटं नाही. तरी तो चौकोन वाचून कुणीतरी पट्टी बांधेल आणि त्याची गाडी पेटेल. माझ्या हातानं बांधलेली पट्टी माझ्या डोळ्यांदेखत पेटली, म्हणून लिहितो.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं वर्कशॉप वडिलांच्या काळापासून आहे. वडील ऑइल इंजिनांची कामं करायचे. गिरणीत, गुऱ्हाळावर, विहिरीवर जिथं इंजिन असेल तिथल्या सायलेन्सरला अस्बेस्टॉसची दोरी गुंडाळायचं काम शाळा सुटल्यावर माझ्याकडं असायचं. ती दोरी आम्ही उघड्या हातानं तोडायचो. तिची धूळ फुप्फुसाला काय करते हे कुणी सांगितलं नव्हतं. पुढं मी नळ्या वाकवायला शिकलो. नव्वदच्या दशकात इथली पोरं मद्रासजवळच्या इरुंगट्टूकोट्टईच्या ट्रॅकवर गाड्या घेऊन जायची, तेव्हा त्यांच्याबरोबर मेस्त्री म्हणून मी जायचो. तीस वर्षांत किती हेडर केले ते मोजलं नाही. एवढं सांगण्याचं कारण, पट्टीला माझा विरोध अडाणीपणातून आलेला नाही. मी स्वतः ती कित्येक गाड्यांना बांधली आहे.

आता झालं ते सांगतो. गाडी २००२ सालची होंडा सिटी व्हीटेक, दीड लिटर, १०६ अश्वशक्तीची. मालक तिशीतला पोरगा, गाडीवर जीव टाकणारा. या इंजिनाचं एक्झॉस्ट पुढच्या बाजूला, रेडिएटरकडं तोंड करून आहे. कंपनीचं ओतीव मॅनिफोल्ड जाड असतं, त्यावर पत्र्याचं झाकण असतं. आम्ही ते सगळं उतरवून दीड मिलिमीटर जाडीच्या एस.एस. ३०४ (स्टेनलेस स्टीलची एक जात) नळीचा चार-दोन-एक हेडर, म्हणजे चार नळ्यांच्या दोन आणि दोनाची एक होते तो, बसवला. पंधरा दिवसांत रेडिएटर फॅनच्या प्लॅस्टिकची एक कड मेणासारखी वाकली. पोरगा म्हणाला, "मेस्त्री, पट्टी बांधून टाकूया." मी बांधली. पाण्यात भिजवून, पाव इंच एकावर एक चढवून, स्टीलच्या बंदांनी आवळून. दोन दिवस कोपरापर्यंत खाज सुटली होती. काम बघायला मात्र देखणं झालं होतं.

चार महिने काही झालं नाही. मग एका रविवारी हुपरी रस्त्याच्या बाजूच्या ट्रॅकवर गाडी दीड तास पळवली आणि परतताना उचगावच्या फाट्याजवळ चहाला थांबलो. गाडी बंद केली. चहा हातात येईपर्यंत बॉनेटच्या फटीतून धूर यायला लागला, आणि तो पाण्याच्या वाफेचा नव्हता. वाकून खालून बघितलं तर हेडरवर पिवळी ज्योत, दिवाळीच्या पणतीसारखी शांत.

पोरगा बॉनेट उघडायला धावला, त्याला मी दंडाला धरून मागं ओढला. बॉनेट सगळं उघडलं की आत हवा घुसते आणि ज्योतीचा भडका होतो. खटका ओढून बोटभर फट केली आणि तिच्यातून सीटखालच्या एक किलोच्या पावडरच्या नळकांड्याचा फवारा मारला. विझलं. मी सुस्कारा टाकून पाठ फिरवली आणि मागनं पोरगा ओरडला, "पुन्हा पेटलं!" असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा नळकांडं रिकामं झालं होतं. चहावाल्यानं शेजारच्या बांधकामावरून घमेलंभर वाळू आणली म्हणून गाडी वाचली. वायरिंगचा एक जुडगा, फॅन आणि वरचा होज गेला. माणसं धड होती.

दुसऱ्या दिवशी पट्टी कापून काढली. वरून ती कोरडी, करडी दिसत होती. आतून तेलानं काळी, ओली, जड. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग वयानं आणि उष्णतेनं कडक झालं होतं आणि पुढच्या कडेनं थेंब थेंब तेल पाझरत होतं. वीस वर्षांच्या गाडीत हे चालायचंच, यात गाडीचा दोष नाही. पाझर पट्टी बांधण्याआधी बघायला हवा होता, तो मी बघितला नाही.

उघड्या हेडरवर तेलाचा थेंब पडला तर काय होतं? चर्र होतं, धूर निघतो, वास केबिनमध्ये येतो आणि माणूस गाडी घेऊन गॅरेजला येतो. म्हणजे उघडी नळी बोंब मारते. पट्टी ते तेल गुपचूप पिते. बाहेरचे थर थंड असतात, म्हणून तिथं धूरही होत नाही, आणि महिनोन् महिने तेल आत मुरत राहतं. इंजिन ऑइलची वाफ २०० अंशांच्या पुढं ठिणगीनं पेटू शकते आणि ताव जास्त असला तर ठिणगीचीही गरज लागत नाही. ट्रॅकवरून आलेल्या गाडीची नळी त्याच्या कितीतरी वर असते. गाडी पळत असते तोवर वारा लागतो. उभी केली की वारा बंद, फॅन बंद, आणि बॉनेटखालचा ताव पहिली काही मिनिटं उलट चढतो. नेमकी तेव्हाच आमची पट्टी पेटली.

"पट्टी जळत नाही" हे खरंच आहे. दिव्यात तरी वात कुठं जळते? तेल जळतं, वात ते वर आणून देते. काचेच्या धाग्याची पट्टी ही उत्तम वात आहे आणि म्हणूनच ती तीनदा विझून तीनदा पेटली.

आता बंदुकीच्या आकड्यांबद्दल. आपल्या लेखकानं पट्टीवर बंदूक रोखली आणि आकडा निम्मा आला. येणारच. अंगावर गोधडी घेतलेल्या तापाच्या माणसाची गोधडी चाचपून ताप उतरला म्हणण्यातला हा प्रकार. बंदूक समोरच्या पृष्ठभागाचं तापमान सांगते. पट्टीच्या आतली नळी पूर्वीपेक्षा जास्त तापलेली असते, कारण तिला उष्णता बाहेर टाकायला वाटच राहिली नाही. शिवाय पट्टीआधीचा आकडाही भरवशाचा नाही. चकचकीत स्टीलवर ही बंदूक हमखास कमी दाखवते. चमकणारा पृष्ठभाग स्वतःची उष्णता कमी फेकतो आणि समोरच्या गार वस्तूंचीच छबी बंदुकीला परत पाठवतो. खरा आकडा हवा असेल तर नळीवर चांदीच्या रुपयाएवढा उष्णतारोधक काळ्या रंगाचा ठिपका द्यावा आणि तिथं नेम धरावा. किंवा वेल्डर वापरतात तो ठरावीक तापमानाला वितळणारा खडू घ्यावा. मी खडूवाला आहे.

नळी आत जास्त तापली तर बिघडतं काय? पेट्रोल इंजिनातून पूर्ण जोरावर निघणारा वायू ७०० ते ९०० अंशांचा असतो, टर्बो असेल तर त्याहूनही वर. स्टेनलेस म्हणजे अमर अशी समजूत आहे. पण ३०४ जातीचं स्टील ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात फार वेळ राहिलं की त्यातलं क्रोमियम कार्बनशी जोडी करून कणांच्या सीमेवर जाऊन बसतं, मग त्या सीमा गंजायला मोकळ्या होतात आणि वेल्डशेजारी केसासारख्या चिरा पडतात. ज्याच्यामुळं ते स्टेनलेस आहे तेच जागेवर राहत नाही. त्यात हे स्टील तापल्यावर साध्या लोखंडापेक्षा जास्त वाढतं. अर्धा मीटर नळी ६०० अंशांनी तापली तर पाच मिलिमीटरच्या आसपास लांब होते. चार नळ्या वेगवेगळ्या तापतात, वेगवेगळ्या वाढतात आणि सगळ्या इंजिनाला बोल्टनं बसणाऱ्या एकाच जाड पट्टीला, फ्लँजला, जखडलेल्या असतात. ओढाताण होणारच. पट्टी बांधायचीच असेल तर टायटॅनियम मिसळलेलं ३२१ जातीचं स्टील घ्यावं. साध्या लोखंडी नळीला बांधली तर पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि दोन वर्षांत पट्टी उलगडताना नळीच पापुद्र्यांनी हातात येते. हेही मी पाहिलं आहे, ते दुसऱ्या गाडीवर.

मग करायचं काय? तर आधी उष्णता प्रवास कशी करते ते बघायचं. आमच्याकडं गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालणाऱ्या माणसाजवळ थोडा वेळ उभं राहून बघा. तोंड भाजतं, पाठ गार असते. मध्ये हवा असून ती विशेष तापलेली नसते, तरी चटका बसतो. आणि मध्ये नुसता डब्याचा पत्रा आडवा धरला की चटका त्या क्षणी थांबतो. ही किरणांनी येणारी उष्णता. ती केल्विनमधल्या तापमानाच्या (आपल्या अंशांत २७३ मिळवायचे) चौथ्या घातानं वाढते, म्हणजे नळी ३०० अंशांवरून ६०० वर गेली तर फेकलेली उष्णता दुप्पट न होता पाचपटीच्या वर जाते. रेडिएटर फॅनचं प्लॅस्टिक वाकवलं ते गरम हवेनं कमी आणि या किरणांनी जास्त. म्हणून पहिला उपाय पत्रा. कंपनीनं दिलेला पत्रा पोरं "वजन वाचतं" म्हणून भंगारात देतात. दोन किलोसुद्धा नसतं ते.

मी आता दोन पत्रे लावतो. आतला अर्धा मिलिमीटरचा स्टेनलेस, बाहेरचा एक मिलिमीटरचा ॲल्युमिनियम, मध्ये आठ-दहा मिलिमीटर मोकळी जागा. एक साधा पत्रासुद्धा किरणांची उष्णता निम्मी करतो, चमकदार असेल तर फारच थोडी पुढं जाऊ देतो. वर आणि खाली उघडं ठेवायचं, म्हणजे आतली हवा तापून धुराड्यासारखी वर निघून जाते. पत्र्याचे पाय बारीक ठेवायचे आणि ते इंजिनालाच बांधायचे. बॉडीला बांधले तर इंजिन हललं की पत्रा फाटतो. आणि यातली माझ्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट, टॅपेट कव्हरचा थेंब पडला तर तो दिसतो. पत्र्यावरून घसरतो, डाग पाडतो, वास येतो.

सिरॅमिक कोटिंग त्याहून चांगलं. नळी आतबाहेर घासून, फवारून, भट्टीत भाजून घ्यायची. ते तेल पीत नाही, पाणी धरत नाही. पण कोटिंगचं बिल कधी कधी हेडरएवढं होतं आणि घासण्यात कुचराई झाली असेल तर कवच सुटून येतं. ज्याला परवडतं त्यानं जरूर करावं.

आपल्या लेखकानं मॅकलॅरन एफ-१ या गाडीच्या इंजिनकक्षात सोन्याचा वर्ख लावला होता असं कौतुकानं लिहिलं आहे. ते खरं आहे, पण त्यात श्रीमंतीचा तोरा नव्हता. सोनं किरणांची उष्णता जवळजवळ सगळी परत फेकतं आणि कधी काळवंडत नाही. नुसती उष्णता परतवायची तर चांदी सोन्यालाही भारी आहे आणि आमची हुपरी चांदीसाठीच नावाजलेली, पण चांदी काळी पडते आणि काळी पडली की परतवायचं सोडून उष्णता स्वतःच पिते. हे मी हुपरीच्या एका कारागिराला सांगितलं तर तो म्हणाला, "पैंजण घासायला लोक येतात तसे हेडर घासायला येतील की मग." असो.

बॉनेटची मागची कड वॉशर घालून उचलायची एक टूम आहे, तीबद्दलही दोन शब्द. गाडी उभी असेल तेव्हा गरम हवा तिथून निघते, एवढं खरं. पण वेग घेतला की पुढच्या काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढलेला असतो, त्यामुळं तिथून हवा बाहेर यायच्या ऐवजी आत शिरते. आणि केबिनची हवा घ्यायची जाळीही तिथंच असते, म्हणजे इंजिनाचा वास थेट नाकात. गरम हवेला वाट द्यायची तर बॉनेटच्या पुढच्या निम्म्या भागात झरोके हवेत. इनटेकला मात्र बाहेरची गार हवा वेगळ्या नळीनं आणून द्या. ४० अंशांच्या ऐवजी ६० अंशांची हवा इंजिनात गेली तर दर घोटाला ६ टक्के हवा कमी जाते. हेडरनं मिळवलेलं तिथंच गेलं.

हे सगळं करण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा, तो आमच्या धंद्यात फार कमी विचारला जातो. उष्णता मुळात एवढी का आहे? दिवे मालवून हेडर बघा. साधारण ५२५ अंशांपुढं स्टील अंधारात मंद लाल दिसायला लागतं. जोरात पळवून आणल्यावर लाल दिसला तर नवल नाही. पण नुसत्या आयडलिंगवर उभी गाडी लाल होत असेल तर दोष हेडरचा नाही. टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडायची वेळ, मागं गेलं असेल तर पेट्रोल सिलिंडरमध्ये जळायचं ते उशिरा, एक्झॉस्टच्या तोंडाशी जळतं. एखादा प्लग मिस मारत असेल तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा डबा) जाऊन पेटतं आणि तो निखाऱ्यासारखा होतो. अशा गाडीला पट्टी बांधणं म्हणजे ताप आलेल्याला घोंगडं पांघरून वैद्याला परत पाठवणं. महिन्याभरापूर्वी एक जण सांगलीहून खास पट्टी बांधून घ्यायला आला होता. त्याचं टायमिंग लावून दिलं, पट्टीचा गुंडाळा त्याच्या डिकीत तसाच परत गेला.

पुरवणीतल्या फोटोतल्या गाडीचा कन्व्हर्टर काढलेला दिसतो. त्यावर मी उपदेश करणं म्हणजे स्वतःच्या धंद्यावर पाय देणं, तरी लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं असे बदल रस्त्यावरच्या गाडीला चालत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला एकेका बदलामागं ५ हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. हेडर ट्रॅकवरच्या गाडीला, आणि ती गाडी टेम्पोवर घालून न्यायची, हा नियम मी आता पाळतो. उचगावच्या फाट्यावर आम्ही गाडी चालवत आलो होतो, हे मान्य करतो.

पट्टी कधीच बांधू नये असं माझं म्हणणं नाही. शर्यतीच्या गाडीत, जिथं हेडर दर हंगामाला उतरतो आणि टॅपेट कव्हर दर शर्यतीला पुसलं जातं, तिथं ती उपयोगाची आहे. इंजिनापासून लांब, जमिनीखालच्या नळीवर, ड्रायव्हरच्या पायाखाली भाजत असेल तर तिथंही चालेल. पण रोजच्या वापरातल्या, आठ-दहा वर्षं जुन्या गाडीत, तेलाच्या पॅकिंगखाली ती नको.

तेव्हा विनंती एवढीच की येत्या पुरवणीत चौकोनाची दुरुस्ती छापावी. "पट्टी जळत नाही" यापुढं "पण तेल पिते" हे तीन शब्द आले तरी चालतील. सोबत कापून काढलेल्या पट्टीचा एक तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत पाठवतो आहे. लेखकाला द्यावा, बोटानं दाबून बघायला सांगावं. कपड्याला लावू देऊ नये, डाग निघत नाही.

ती सिटी आता चालू आहे. टॅपेट कव्हरचं पॅकिंग नवं, हेडर तोच, वर दोन पत्रे. २२०० आरपीएमला बाहेरचा पत्रा किणकिणतो अशी पोराची तक्रार आहे. परवा पुन्हा आला होता. वॉशर बदलून बघतो म्हणालोय.

आपला,
एक जुना वाचक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

(नाव-पत्ता वेगळ्या कागदावर दिला आहे. छापू नये, गाडीच्या मालकाच्या वडिलांना अजून काही माहीत नाही.)